रिकाम्या गाडीचं वजन

सावद्याला, स्टेशनाकडे वळायच्या आधी
वारके सरांच्या धाकट्या भावाचा वजनकाटा आहे.
निवृत्त झाल्यापासून सर तिथेच बसतात,
टेबलफॅनखाली, जुन्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर
पेन्सिलीने क्वांटम क्षेत्र सोडवत.

सकाळी गाडी रिकामी चढते काट्यावर,
दुपारी केळी भरून.
आकडा थरथरतो, थांबतो. वजाबाकी म्हणजे माल.
"कणाचं वस्तुमान तरी वेगळं काय,
पहिल्या पातळीतून तळाची पातळी वजा.
निर्वात म्हणजे काहीच नाही असं नव्हे व माय,
निर्वात म्हणजे रिकामी गाडी.
तिलाबी वजन असतं."

मी फैजपूरला, गच्चीवरच्या खोलीत.
मे महिना, सेहेचाळीस अंश.
कूलर मशीनकडे तोंड करून, मी ओला टॉवेल घेऊन.
अठ्ठावीस हजार ओळी, तेवढेच स्तंभ,
आणि वर ऊर्जेची एक रेघ:
तिच्या पलीकडचं सगळं कापायचं,
नाहीतर अनंत मावणार कुठे या डब्यात?

बाबा घडाच्या टोकाचं केळफूल मोडतात
वरच्या फण्या पोसाव्यात म्हणून, तसंच.
पण मोडलेल्याचा चीक शर्टावर पडतो
आणि तो डाग कुठल्याच साबणाला जुमानत नाही.

तो डाग सरांकडे.
रेघेच्या वर सगळं सुसाट, कुणाला कुणासाठी वेळ नाही;
तिथे पेन्सिल पुरते.
खाली नाही पुरत. खाली सगळे एकमेकांत गुंतलेले,
मालिकेचं पहिलं पद शहाण्यासारखं वागतं, दुसरंही,
आणि सहाव्या-सातव्यापासून आकडे
दावं तुटलेल्या गोऱ्ह्यासारखे उधळतात.
म्हणून खालचं माझ्या मशीनने दळायचं,
वरचं सरांनी लिहायचं,
आणि शिवण दिसता कामा नये.

शिवण दिसली. तिसऱ्या दशांशावर.

तीन आठवडे.
मी प्रोग्राम ओळीओळीने चाळला,
सरांनी तीच इंटिग्रलं पुन्हा केली,
पावत्यांचा एक अख्खा गठ्ठा संपला.
मला वाटलं, सरांचं वय झालं.
त्यांना काय वाटलं ते बोलले नाहीत,
फक्त एका संध्याकाळी
माझ्या प्रोग्रामची छापील प्रत मागितली. मला कळायचं ते कळलं.

मग त्या गुरुवारी काट्यावर भांडण.
बऱ्हाणपूरचा ड्रायव्हर शकूर आणि अट्रावलचा एक व्यापारी,
सत्तर किलोवरून.
"रिकामी मोजली तेव्हा तू आत बसलेला,
आणि भरलेली चढवून खाली उतरून चहा पितोस!
माझा माल सत्तरने कमी दाखवतोस!"
शकूर कपाकडे बघत म्हणाला,
"मग काय, मी पण माल होऊ का?"

सगळे हसले. सरांची पेन्सिल थांबली.

"तू शून्य कुठं मोजलंस?"
डब्यात, मी म्हणाले. सहा लांबीच्या.
"आणि मी अनंत मोकळ्यात."

पंखा एकदा डावीकडून उजवीकडे गेला.
दोघांचे आकडे बरोबर होते.
दोघांची रिकामी गाडी वेगळी होती:
एकीत कुणी बसलेलं, एकीतून उतरलेलं.

दुरुस्ती एका ओळीची निघाली,
डब्याची लांबी वाढेल तशी विरत जाणारी,
इतकी बारीक की आम्ही दोघांनी
तिला पाहुण्यासारखी दारातच ठेवली होती.

रात्री पुन्हा चालवलं. दोनला लाइट गेली.
इन्व्हर्टर चारपर्यंत टिकला, मशीन साडेतीनला थांबलं होतं,
पाठ पूर्ण करून गप्प झालेल्या मुलासारखं.

सकाळी सायकलने काट्यावर गेले.
सरांनी त्यांची पावती माझ्या कागदाला लावली.
तिसरा दशांश जुळला. चौथाही.
पाचवा नाही.

"पुन्हा बघायचं?" मी विचारलं.

सरांनी चष्मा शर्टाला पुसला.
मागे रिकाम्या गाड्यांची रांग लागायला लागली होती.
"बघू की," म्हणाले,
"कुणीतरी बसलंय अजून आत."