बॅटरी

बॅटरी मी धरली होती.
कुणी विचारलं नाही, म्हणून सांगते.

उत्राणच्या शिवारात, लिंबाच्या बागेमागे
आमचं तळं. पाच गुंठे, खाली निळा कागद.
जळगावहून एक जण आला होता
हवा भरलेल्या पिशव्यांत बोटाएवढं बी घेऊन:
काळं, मिशीवालं, थाई मांगूर.
म्हणाला, तीन महिन्यांत किलो भरेल,
काहीही खाईल. मेलेलं, जितं, एकमेकांना.
आम्ही कोंबडीवाल्याकडची आतडी टाकायचो,
पाणी उकळी फुटल्यासारखं व्हायचं.

मग कासोद्याहून फोन आला,
सकाळी गाडी येतेय, पंचनामा, दंड,
खड्डा खणून सगळं पुरणार.
सुपडूनं कुदळ घेतली, बांध फोडला.
पाट नाल्याला, नाला गिरणेला.
मी म्हटलं, नदीत?
"नदी मोठी शे," तो म्हणाला. "जिरी जाई."

उजेडात मी मोजत होते.
शंभरानंतर सोडून दिलं.
पाणी सरलं तिथंही ते थांबले नाहीत,
कल्ल्यांजवळचे काटे चिखलात रोवत
कोपरांवर रांगणाऱ्या पोरासारखे
पुढं, पुढं,
तोंड वासून आपली हवा ओढत.

सकाळी साहेबांनी कोरडा कागद पाहिला,
सही केली, चहा घेतला.

पहिल्या वर्षी काहीच नाही.
दुसऱ्या वर्षी सासऱ्यांच्या बारीक आसाच्या जाळ्यात
चालट आली नाही,
चमच्याएवढी, चांदीची,
मूठभर तव्यावर टाकली की घर जेवायचं.
मग शिंगाळा. मग वाम,
जिच्यासाठी बाळंतिणीच्या घरून निरोप यायचा.
झिंगे कधी गेले ते कळलंच नाही,
घरातलं मीठ संपतं तसे.

आता सासरे दोरीला हात लावूनच सांगतात
काय लागलंय. एकच झटका, एकच वजन.
लहान-मोठे आस विणायचे राहिले नाहीत.
बांबूची सुई उरलीय,
नातू तिनं पाठ खाजवतो.

एरंडोलच्या बाजारात पिंजाऱ्याची रमजानबी
माझी पाटी बोटानं उलटीपालटी करते.
"वाम?"
"उद्या," मी म्हणते.
त्या उद्याला तीन वर्षं झाली.
ती तरी विचारते. मी तरी सांगते.

सुपडू नदीकडं फिरकत नाही, वीटभट्टीवर जातो.
आम्ही त्या रात्रीबद्दल बोलत नाही,
पण भाजी खारट झाली, पोरगं तापलं,
की मीच पुटपुटते: जिरी जाई.

परवा भादव्यातली रात्र. पाऊस उघडलेला.
मोटार बंद करायला बागेत गेले
तर ओल्या गवतात, लिंबाच्या बुंध्याशी,
हातभर लांबीचा एक,
नदीला पाठ करून
पाझर तलावाच्या दिशेनं निघालेला.
थांबला. तोंड उघडलं, मिटलं.
त्याला माझी ओळख असायचं कारण नाही.

दगड उचलला. ठेचला.
हात धुतले, बॅटरी विझवली.

अंधारात गवत हलत होतं.
वारा नव्हता.