वाचून दाखविले, बरोबर आहे

शिवाजीनगर कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर,
साहेबांच्या उजव्या हाताला जी खुर्ची आहे
तिच्यावर मी एकोणीस वर्षं बसते.
साक्षीदार बोलतो. साहेब सांगतात. मी टाइप करते.
तिन्ही वेळा वाक्य एकच असतं
असं कायदा धरून चालतो.

मंगळवारी साक्षीदार क्रमांक एक,
द्वारका महादू खुडे, वय चौतीस,
धंदा घरकाम, राहणार कासेवाडी.
"ईश्वराला साक्ष ठेवून" म्हणताना ती अडखळली.
म्हणाली, त्या दिवशीही बघत असंल की तो.
हे टाइप झालं नाही.

"नऊ वाजता फोन आला. म्हणे, झाकण उघडून ठेवलंय,
वास सुटलाय, लोक बोंबलायला लागलेत, लवकर ये."
मी टाइप केलं:
सोसायटीच्या मैलाटाकीच्या सफाईकामी
माझे पती यांना बोलाविण्यात आले.
बोलाविण्यात आले.
या क्रियापदात बोलावणारा कुठे उभा असतो
ते मला अजून सापडलेलं नाही.

हातमोजे होते का? नव्हते.
मास्क? "रुमाल होता. मीच धुतलेला. निळा."
संरक्षक साधने पुरविण्यात आली नव्हती.
रुमाल गेला.

मग ठेकेदाराचे वकील उठले, धनकुडे,
आवाज मऊ, पेन महाग.
तुमचे पती स्वखुशीने आत उतरले, हे खरे आहे काय?
"खुशीनं कोण उतरतं त्यात? तुम्ही उतराल?"
मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.
फक्त हो किंवा नाही सांगा, बाई.
हे म्हणणे खरे नाही की, माझे पती स्वखुशीने उतरले.
तिचा प्रश्न
माझ्या बोटांपर्यंत आला आणि तिथेच राहिला.

कायद्यात सगळं आहे. माणूस आत उतरवायचा नाही,
उतरवला तर शिक्षा, मेला तर भरपाई.
आमच्या कपाटात प्रत आहे त्याची,
कोपरे वाळवीने खाल्लेले.
उंड्रीतल्या त्या झाकणापासून हे कपाट
दोन बस बदलून.

चार पानं झाली. मी वाचून दाखवली,
नेहमीच्या वेगाने, म्हणजे कुणाला कळू नये इतक्या.
शेवटी विचारायचं असतं: बरोबर आहे?
लोक हो म्हणतात. एकोणीस वर्षं लोक हो म्हणत आलेत.
ती म्हणाली, "चपलांचं राहिलं."

कसल्या चपला?
"त्यांच्या. झाकणापाशी. मी सांगितलं होतं मगाशी."
सांगितलं होतं. मला आठवत होतं.
साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे, मग सांगितलं, घ्या:
मयताच्या चपला झाकणाजवळ आढळून आल्या.
"आढळल्या नाही, साहेब. ठेवल्या होत्या.
जोडीनं. तोंड रस्त्याकडं करून.
परत येऊन पायात घालायच्या असल्यावर ठेवतात तशा."

धनकुडे म्हणाले, हरकत आहे, हा साक्षीदाराचा अंदाज आहे.
पंखा कुरकुरत होता. खाली आवारात
नोटरीचा शिक्का टेबलावर आपटत होता, एक, दोन, पुन्हा एक.
साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, हरकत नोंदवा.
आणि "आढळून आल्या" खोडा.

निकाल काय लागेल मला माहीत नाही.
पुढची तारीख तेवीस, त्या दिवशी म्हणे वकिलांचा संप आहे.
ठेकेदाराने सोसायटीकडे बोट दाखवलंय,
सोसायटीने महापालिकेकडे,
महापालिकेचं म्हणणं अजून दाखल व्हायचंय.

सही करताना तिने विचारलं, चपलांची ओळ कुठली?
पान चार, खालून तिसरी. मी बोट ठेवलं.
माझं बोट बाजूला सारून
तिने त्या ओळीखाली नखाने रेघ ओढली,
आणि नक्कल किती दिवसांनी मिळते ते विचारलं.
अर्ज करा, मी म्हटलं, तिकीट लावून.

मिळेल तिला.
नखाची रेघ मात्र झेरॉक्समध्ये उठत नाही.