इतर

बेलापूरच्या बँकेत कर्जाच्या अर्जावर
अभ्यासक्रमासाठी चार चौकटी आहेत :
अभियांत्रिकी, वैद्यकीय, व्यवस्थापन, इतर.
मी इतर.

साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला.
'आंतरराष्ट्रीय संबंध. म्हणजे नेमकं काय शिकणार?'
म्हटलं, देश एकमेकांशी कसे वागतात ते.
'आणि पगार? तो कुठला देश देणार?'
झेरॉक्सवाला पोरगा हसला.
मीही हसले. प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा नव्हता.

पत्र आलंय जिनिव्हाहून. अर्धी फी माफ.
उरलेली अर्धी, खोलीचं भाडं, विमा, जेवण
असं सगळं एक्सेलमध्ये मांडलं
तर शेवटच्या रकान्यात आकडा मावेना,
नुसत्या जाळ्या उमटल्या.
रकाना रुंद केला. आकडा दिसला.
पुन्हा अरुंद केला.

तीन वर्षं झाली द्रोणागिरीत, कस्टम ब्रोकरकडे.
माझ्या टेबलावरून कंटेनर जातात, कागद होऊन.
एका देशानं नावाचं स्पेलिंग बदललं
त्या रात्री मी एकसष्ट बिलं नव्यानं काढली.
हळदीचा एक माल अकरा दिवस अडकला,
घेणाऱ्याचं नाव कुठल्याशा बंदीच्या यादीशी जुळत होतं म्हणून.
निघाला भलताच, मसाल्याचा म्हातारा दुकानदार.
माल सुटला तेव्हा फोनवर बराच वेळ काहीतरी बोलला,
भाषा कळली नाही, दुवाच असावी.
विद्यापीठ विचारतं : संबंधित कार्यानुभव, महिने?
मी शून्य लिहिलं.
खोडून छत्तीस.
मग 'संबंधित' या शब्दाकडेच बघत बसले.

निमिषा कोतवाल जाऊन आली. हेगला दोन वर्षं,
नंतर सहा महिने बिनपगारी, एका मोठ्या नावाच्या संस्थेत.
आता ऐरोलीत रात्रपाळीला
देशांना गुण देते, शंभरपैकी :
कुठे सरकार पडेल, कुठे पैसा बुडेल.
'आणि तुला किती?' मी विचारलं.
ती म्हणाली, 'हप्ता संपू दे, मग सांगते.'
पण जिनिव्हाचं पत्र तिनं दोनदा वाचलं
आणि परत देताना घडी अगदी जपून घातली.

दादूस म्हणतो, यूपीएससी दे, मुलींना फीसुद्धा नाही.
केतनभाई म्हणतात, थांब, दिवाळीनंतर सिंगापूर डेस्क देतो.
कुठली दिवाळी ते सांगत नाहीत.
एक वर्ष पुढे ढकलू का, म्हणून मेल केला होता.
उत्तर गोड आलं : जागा राखू,
शिष्यवृत्तीचं मात्र सांगता येत नाही.

तारण म्हणजे पुष्पकनगरचा प्लॉट.
साडेबावीस टक्क्यांतला, गावाच्या बदल्यात मिळालेला.
गाव आता धावपट्टीखाली आहे.
आमची न्हाणी साधारण जिथे होती
तिथून विमानं उठतात.
गेले तर मीही तिथूनच जाईन,
आणि हे कुणाला सांगितलं की ते म्हणतात, वा, काय योग!
बाबा म्हणत नाहीत.
त्यांनी फाइल काढून दिली, फडक्यानं पुसून,
आणि एवढंच बोलले :
'सई करन्याआधी वाच. मी तवा वाचली नव्हती.'

आज पंधरा एप्रिल. मुदत त्यांच्या मध्यरात्रीपर्यंत,
म्हणजे आपले साडेतीन.
हे वरचे साडेतीन तास
कुणाकडे मागावे लागले नाहीत.

बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेत, झोपल्यासारखे.
मी कराराचं सातवं कलम वाचतेय,
एकेक ओळ, मोठ्यानं, मराठी करत :
विद्यार्थ्यानं मध्येच शिक्षण सोडल्यास
माफ केलेली रक्कम…

'थांब,' ते म्हणतात, भिंतीकडूनच.
'ता परत वाच.'