शिल्लक मीठ, ग्रॅममध्ये

आराखडा परभणीत ठरला, पंख्याखाली, तीन दिवस.
चार गावं, तीनशे वीस घरं, अठरा महिने.
एका पाकिटात नेहमीचं मीठ,
दुसऱ्यात सोडियम कमी केलेलं.
दोन्ही पांढरी, दोन्ही किलोची,
एकावर चौकोन, एकावर त्रिकोण.
कुठलं कुठलं, ते मला ठाऊक नाही,
डॉक्टर साबळ्यांनाही नाही.
ते एका लखोट्यात आहे, लखोटा कपाटात,
आणि किल्ली ज्याच्याकडे, तो आमच्याशी बोलत नाही.

कागदावर सगळं नीट होतं.
कागदावर माणसं मीठ फक्त खातात.

वाघजाळीत पहिल्याच महिन्यात
दैवशालाबाईंच्या घरी दोनशे ग्रॅम कमी भरलं.
"नातवाला दिष्ट लागली होती माय,
तीन सांजा मूठ मूठ ओवाळून चुलीत टाकलं."
फॉर्मवर रकाने: स्वयंपाक, लोणचं, सांडलं, इतर.
मी 'इतर'मध्ये लिहिलं: दृष्ट.
परभणीहून फोन आला,
दृष्टीला संकेतांक नाही.
मग आम्ही दिला. सात.

शेख चांदपाशांना वगळलं होतं,
मूत्रपिंड अधू, त्यांना हे मीठ बाधलं असतं.
बाजेवर बसून मी समजावलं.
त्यांनी सगळं ऐकलं, चहा पाजला,
म्हणाले, "नियम बरोबरच हाय बाई.
पर गल्लीला दिसतं ना,
सगळ्यांच्या दारी थांबली
आन् आमचंच दार कामून ओलांडलं."

माघात हळद शिजायला लागली.
वाफेत माणूस दिसेना, नुसते आवाज.
तिथंच दंडाला पट्टा बांधला:
एकशे अठ्ठावन्न, शहाण्णव.
पाच मिनिटं शांत बसा, मग पुन्हा मोजू,
आराखड्यात आहे तसं.
"शांत बसायचे किती पैसे?"
वाफेतून कुणीतरी विचारलं, आणि सगळे हसले,
मीही. आकडा वाढला असणार.

माझ्या आईचा दाब एकशे सत्तर.
आमचं गाव यादीत नाही.
एकदा सेनगावच्या स्टँडवर
मी एक पाकीट पिशवीत सरकवलं, साडीखाली.
गाडी हलली तेव्हा सुचलं:
चौकोन की त्रिकोण?
चोरायचं तरी कुठलं?
सकाळी परत ठेवलं. गठ्ठा पुरा भरला.
याला रकाना नाही.

अकराव्या महिन्यात जे कळलं ते जुनंच होतं.
दैवशालाबाई चौकोनाच्या,
भिंतीपल्याडच्या सुंद्राबाई त्रिकोणाच्या.
पाव्हणे आले की वाटी फिरते.
मीठ हातावर देत नाहीत, भांडण होतं,
म्हणून एकीनं भिंतीवर ठेवायचं,
दुसरीनं उचलायचं.
आराखड्यात याला सरमिसळ म्हणतात,
आणि ती टाळावी असं ठळक अक्षरात आहे.

टाळा म्हणायला मी गेले.
दोघी भिंतीच्या दोन्ही अंगांनी उभ्या.
"तीस वर्सं झाली, एक भांडण नाही,
आता तुमच्या चौकोनापायी करावं का?"
मी गप्प.
"बरं, मला कोन्तं आलंय, ते तरी सांग."
ठाऊक नाही, म्हटलं.
"डाक्टरला?"
त्यांनाही नाही.
दैवशालाबाई बघत राहिल्या माझ्याकडं,
राग नव्हता, खरंच पडलेला प्रश्न होता,
"मग तू कुनाचं मीठ खातीस गं?"

मी तराजू पुसला, काटा शून्यावर आणला.
एका घरी तीनशे चाळीस,
एका घरी पाचशे दहा.
भिंतीवर वाटी होती, अर्धी,
बरोब्बर मधोमध.
ती कुणाच्या नावावर धरायची,
परभणीला विचारलंय.