बादशहा थांबतो

सुकती आहे साडेसातपर्यंत, लुर्दिन म्हणाली,
तेवढ्यात मनोरीकडे जाऊन येऊ.
तिला डॉली, मला बादशहा.
"तुझ्याच वयाचा आहे गो, घोड्यांच्या हिशेबात."

बादशहाने अकरा वर्षं व्हिक्टोरिया ओढली,
गेटवे ते चौपाटी, चौपाटी ते गेटवे,
डोक्यावर पिसांचा तुरा, मागे चंदेरी पत्रा
आणि कुणाचं तरी हनिमून.
गाड्या बंद झाल्या तेव्हा लुर्दिनच्या भावाने
टेम्पोत घालून त्याला गोराईला आणला.
बस, बँडबाजा, विसर्जनाचे ढोल,
कशालाच बिचकत नाही, असं मला सांगण्यात आलं होतं.

सुरूच्या बनात एक झाड आडवं पडलेलं.
त्याने हुंगलं, आणि उंबरा ओलांडावा तसा
एकेक पाय मोजून पलीकडे गेला.
वलांडीवर बोंबील, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने लटकलेले,
खाली तीन कुत्री, तिन्ही भुंकली.
त्याने कानसुद्धा हलवला नाही.
मी लगाम जरा सैल सोडला.
चूक तिथे झाली.

वळणावर, तिवरांना लागून,
एक निळी ताडपत्री.
कुणाच्या तरी छपरावरून उडालेली, एका कोपऱ्यावर अजून वीट.
वारा आत शिरला की फुगायची, फडफडायची,
मेल्यासारखी पडायची, पुन्हा फुगायची.
डावीकडे चिखल, उजवीकडे काटेरी तार.

डॉली उलटी फिरली. बादशहा
एकाच वेळी चारी पायांनी आडवा सरकला,
आणि माझी एक रिकीब गेली, चष्मा गेला,
हातात आयाळ आली, तोंडात आईचं नाव.

"ओढू नको! टाचही मारू नको. बघू दे त्याला."
किती वेळ?
"त्याला पुरेल तेवढा."

मग आम्ही थांबलो.
बादशहाच्या नाकपुड्या रुपयाएवढ्या, मग आठ आण्याएवढ्या.
मांडीखाली त्याचं काळीज, की माझंच.
लुर्दिन उतरून डॉलीची मान खाजवत होती,
चिखलात खेकडे बिळातून वर येऊन
परत आत जात होते.
आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हणाले,
"लुर्दिन, ते साठ हजार..."

दोन वर्षं झाली होती. बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळचे.
दोन वर्षं मी तिच्याकडे केक खाल्ला, नाताळला,
ती माझ्याकडे पुरणपोळी,
आणि ताटांच्या मध्ये ते पैसे बसलेले,
त्यांना कुणी वाढलं नाही.

ती बराच वेळ गप्प.
"मला वाटलं, तू विसरलीस."
नाही गं.
"मग ते वाईट," ती म्हणाली. "विसरली असतीस तर मी मागितले असते."
मग माझा चष्मा वाळूतून उचलून,
पदर नव्हता म्हणून टीशर्टला पुसून, वर दिला.
"घोड्यावर बसून हिशेब करू नये. उतरल्यावर बोल."

तेवढ्यात बादशहाने पाऊल उचललं.
एक खूर ताडपत्रीवर. चुर्र.
परत मागे. परत पुढे.
मग थेट मधोमध जाऊन उभा राहिला,
पाय फाकवले,
आणि अर्धा मिनिट, धो धो,
सगळं मूत्र त्या निळ्यावर.
लुर्दिन हसता हसता तारेला टेकली, तिचा टीशर्ट फाटला,
डॉली तिच्यामागून आली, जणू काही झालंच नव्हतं.

परतताना जेट्टीशी
बोटीवाल्या पोराने कुणासाठी तरी शिट्टी फुंकली.
बादशहा जागच्या जागी थांबला, मान ताठ,
रिकाम्या वाळूत,
पुढे ना बस ना हवालदार.

मी जीभ वाजवली. नाही.
टाच लावली. नाही.
लुर्दिन म्हणाली, "थांब, लाल आहे."
पाणी चढायला लागलं होतं, त्याच्या खुरांपर्यंत आलं,
आम्ही तिघं एका बाजूला बघत होतो
आणि तो दुसऱ्या.
मग कुणीही काही न सांगता,
सिग्नल सुटावा तसा,
तो निघाला.