वहन आकार

माझ्या काउंटरवर दहा रुपये जास्त घेऊन
लाइटबिलं भरून मिळतात.
झेरॉक्स, रिचार्ज, सातबारा,
आणि दर सोमवारी यसूबाय पड्याळ,
लुगड्याचं ओलं टोक पिळत पायरीखालीच उभी.
एका महिन्याचं बिल ती चार सोमवारांत फेडते.

वाच, म्हणते. निस्ता आकडा नको, समदा वाच.

मी वाचतो. युनिट चव्वेचाळीस.
स्थिर आकार. वीज आकार. इंधन समायोजन.
पान्याची वीज ना रे? मग इंधान कसला?
कुठल्या तरी लांबच्या खाणीतला कोळसा, यसूबाय,
तुझ्या दोन दिव्यांसाठी मालगाडीत बसून निघतो.
बरं. फुडं.
वहन आकार.
ह्यो काय?
वीज वाहून आणायचे पैसे.

ती डोक्यावरची चुंबळ काढते, झटकते,
पुन्हा ठेवते.
इथून चिपळूणच्या बाजारापर्यंत शिंपल्यांची पाटी.
गिऱ्हाईक वाटा बघतं,
मान बघत नाही.

वर घाटात, डोंगराच्या पोटात,
पाणी पडतं, चाकं फिरवतं,
आणि काम झालेलं पाणी आमच्या नदीत सोडून देतात.
वीज आमच्या माडांवरून जाते, मनोऱ्यामनोऱ्यानं,
पापणी लवायच्या आत पोचते जिथं पोचायचं तिथं.
पाणी चालत येतं.
गोवळकोटच्या धक्क्याशी यायला त्याला दुपार होते.

तेव्हा यसूबाय कमरेएवढ्या पाण्यात,
पायाची बोटं वाळूत चाचपत.
शिंपली लागली की बुडी.
गार हाय पानी, म्हणते वर येऊन,
ममयला उकाडा लय झालाय जनू.

थट्टा नाही ही. तिला कळतं.
तिकडं खोल्या थंड व्हायला लागल्या की
इकडं नदी मांडीवरून छातीला येते,
पाटी अर्धी राहते.
रविवारी कारखान्यांना कुलपं,
वर चाकं निजलेली,
वाळू उघडी पडते लांबपर्यंत.
म्हणून तिच्याकडे पैसे सोमवारी असतात.

परवा तिचं बिल भरतानाच लाइट गेली.
प्रिंटर अर्धी पावती दातांत धरून बसला.
मी सवयीनं चार शिव्या घातल्या, कुणाला ते माहीत नाही.
यसूबाय नदीकडे बघत होती.
आपलीच गेली का रे समद्यांची?
का गं?
समद्यांची गेली असंल तर सांजला पानी उतरंल.
पाटी घिऊन येत्ये.

मी बाहेर जाऊन बघितलं.
पलीकडच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरत होता.
आपलीच, म्हटलं. फ्यूज असेल.

बरं, म्हणाली,
आणि चुंबळ पायरीवर टाकून तिच्यावर बसली,
उरलेल्या पावतीसाठी.
वर पंखा मंद होत होता,
एकेक पातं
आता मोजता येत होतं.