रविवारी माग बंद

सोमवार ते शनिवार मला काही कळत नाही.
पत्र्याच्या शेडमध्ये माग चालू असतो,
पायाखाली पेडल, खडाक् खट्, खडाक् खट्,
धोटा इकडून तिकडे,
त्या गोंगाटात छातीतलं काय राहिलं, काय सुटलं
कोण ऐकतं?

रविवारी आमच्या लुइस बेटावर
दोरीवर कपडेसुद्धा वाळत घालत नाहीत.
वारा तेवढा धर्म पाळत नाही.

पहाटे डाव्या कुशीवर वळलो
की येतो तो.
चार ठोके सरळ, पाचवा नाही.
भरलेली समजून उचललेली किटली रिकामी निघावी
आणि हात नुसताच वर जावा, तसं.
मग एक दांडगा ठोका,
उशिरा आलेल्यानं दार आपटून आत शिरावं असा.

भीतीनं ठोका चुकतो म्हणतात.
माझं उलटं झालंय.
आधी ठोका चुकतो,
मागाहून भीती येते त्याला शोधत,
आणि तो नसला तरी बसून राहते.

गेल्या वर्षी बरं नव्हतं.
बादलीत टाकलेल्या बांगड्यासारखं
फडफडायचं आत काहीतरी, तासन् तास.
विमानानं ग्लासगोला गेलो.
डॉक्टर अदेयेमीनं जांघेतल्या शिरेतून तार वर नेली
आणि वीज जिथे जिथे माजली होती
तिथे तिथे डाग दिला.
आम्ही मेंढरांच्या पाठीवर रंगानं खुणा करतो,
तिनं जळत्या टोकानं केल्या.
म्हणाली, एखाददुसरा निसटेल अधूनमधून.
निरुपद्रवी आहे. मोजत बसू नका.

मी मोजतो.
लोकरीच्या हिशोबाच्या वहीत, मागच्या पानावर.
मंगळवार, चार.
बुधवार, चहा कडक, सात.
गुरुवार, काही नाही (विश्वास बसला नाही).
शुक्रवारी एफीच्या बहिणीचा फोन आला,
अकरा.

एफी तीस वर्षं गिरणीत रफूवर होती.
उजेडासमोर कापड ताणून धरायची,
आणि डोळ्यांना दिसायच्या आधी
सुटलेला आडवा धागा तिच्या बोटांना सापडायचा.
माझ्याही कापडात सापडायचे. घरी सांगायची नाही,
फक्त जेवताना जरा हसायची.

आता रात्री माझ्या पाठीवर तळवा ठेवते.
"इथे," म्हणते,
माझ्याही आधी.
मी विचारलं, रफू नाही करणार?
"एवढं गिरणी पास करते," म्हणाली,
आणि पांघरूण आपल्याकडे ओढून झोपली.

मी जागा राहिलो. किती तरी वेळ.
तिच्या घोरण्यातही मधूनच एक सुटत होता.

आज देवळात गेलो.
आमच्याकडे पेटी नाही, वाद्य नाही.
तोरमोड उभा राहून स्तोत्राची ओळ सोडतो,
आणि आम्ही ती उचलतो, ज्याच्या त्याच्या चालीनं,
कुणी आधी, कुणी मागून, कुणी फारच मागून.
परक्या माणसाला वाटतं चुकतायत सगळे.

तोरमोड चौऱ्याऐंशीचा.
आज तिसऱ्या ओळीपाशी थांबला.
तोंड उघडं, ओळ नाही.
खिडकीवर पाऊस आडवा आपटत होता.
दीडशे माणसं श्वास धरून बसली
आणि नेमका तेव्हाच माझा एक ठोका गेला,
किंवा गेला नसेल,
त्या शांततेत कुणाचा गेला ते सांगता येत नव्हतं.

मग मागच्या बाकावरून
मच्छीवाल्या मरचाग म्हातारीनं
फाटक्या आवाजात ओळीचं पहिलं अक्षर धरलं.
तोरमोडनं ते तिच्याकडून घेतलं.
आम्ही सगळे त्यात शिरलो,
मीही, नेहमीसारखा मागून.

घरी येऊन वहीकडे हात गेला.
पण रविवारी आम्ही लिहीत नाही.
तो ठोका वहीत नाही.